काल संध्याकाळी बाई म्हणाल्या

नसीम गेल्याची बातमी मला नसीमच्याच आवाजात कळली.

सकाळी चहा गाळत होते. फोन वाजला, तिचंच नाव दिसलं. मी फोन कानाला लावून नेहमीसारखं "बोल गं" म्हटलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग तो आवाज आला... स्वच्छ, खालच्या पट्टीतला, ळ आणि ण जिथल्या तिथे ठेवणारा. "नसीम गेली. या." एवढंच. खरं सांगते, पहिल्या दोन शब्दांनी मला काहीच झालं नाही. त्या आवाजात ते इतके अशक्य होते की डोक्यात शिरलेच नाहीत. हादरले ते शेवटच्या 'या'नं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत नसीमनं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ती 'ये' म्हणायची. 'या' म्हणणारं दुसरं कुणीतरी होतं आणि ते तिच्या आवाजात शिरून बोलत होतं.

ते इस्माईलभाई होते, तिचे यजमान. नंतर त्यांनीच सांगितलं, "मेधाताई, फोन तर लावला, पण तोंडातून शब्दच फुटेना. तिचा टॅब उशाशी होता. हात त्याच्यावर गेला." दोन वर्षांपूर्वी नसीमचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून ती त्या टॅबवर टाईप करायची आणि टॅब तिच्या स्वतःच्या जुन्या आवाजात बोलायचा. इस्माईलभाईंनी त्यावर तीन शब्द टाईप केले, आणि त्यानं ते बोलून दाखवले.

मी भवानी पेठेत त्यांच्या घरी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दुपारी पुरुषमंडळी जनाजा घेऊन कब्रस्तानाकडे गेली आणि आम्ही बायका आतल्या खोलीत बसून राहिलो. कुणी हळू आवाजात दुवा म्हणत होतं, कुणी नुसतंच भिंतीकडे बघत होतं. फळीवरची चादर काढायला म्हणून नसीमच्या नणंदेनं हात वर केला, तिच्या बोटाचा तिथेच ठेवलेल्या टॅबला धक्का लागला आणि त्याचा पडदा उजळला. "नसीम गेली. या." भरल्या खोलीत नसीम स्पष्ट म्हणाली. दुवा थांबली. कुणी रडलं नाही, ओरडलं नाही. सगळ्याजणी दाराकडे बघायला लागल्या... माणूस आत येताना आपण बघतो तशा. मग नणंदेनं आपली ओढणी त्या टॅबवर टाकली, पिंजऱ्यावर टाकतात तशी, आणि खाली बसली.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसले की आधी तो आवाज येतो आणि मागून नसीम येते. हा क्रम मला उलटा करायचा आहे, म्हणून हे लिहिते आहे.

कात्रजच्या आमच्या शाळेत आम्ही दोघी एकाच जूनमध्ये लागलो. मी मराठीला, ती भूगोलाला. मुलं तिला तांबोळी बाई म्हणायची. अंगानं किरकोळ, केस घट्ट बांधलेले, हातात कायम खडू आणि ओठांच्या कोपऱ्यात कुणावर तरी सोडायचं राखून ठेवलेलं एखादं वाक्य. पहिल्याच आठवड्यात तिच्या वर्गातला एक उत्साही मुलगा नकाशावरची उत्तर दिशा दाखवायला थेट बाकावर चढला. ती शांतपणे म्हणाली, "उत्तर वर असते म्हणून बाकावर चढायची गरज नाही. खाली बसूनही उत्तर देता येतं." आमच्या दोन वर्गांत नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती, त्यामुळे हे माझ्याही वर्गानं ऐकलं आणि माझी कविता तिथेच संपली. तिचा आवाज मोठा नव्हता. वर्गात गोंधळ झाला की बाकीचे आम्ही आवाज चढवायचो, ती उतरवायची. इतका उतरवायची की मुलांना ऐकण्यासाठी गप्प बसावं लागायचं. सहलीला, आपल्या नळांना पाणी येतं त्या खडकवासला धरणाच्या भिंतीवर मुलांना उभं करून ती म्हणायची, "सकाळी ज्यांनी तोंड धुतलं त्यांनी या पाण्याकडे नीट बघून घ्या. ज्यांनी धुतलं नाही त्यांनी बघितलं नाही तरी चालेल." मुलं खजील होऊन हसायची, आणि त्यांना धरण जन्मभर लक्षात राहायचं.

मग तिचा घसा बसला. महिनेच्या महिने बसलेलाच राहिला. आम्ही खडूच्या धुळीला दोष दिला, कात्रजच्या हवेला दिला. डॉक्टरांनी गाठीला दिला. स्वरयंत्र काढावं लागेल, मानेला भोक राहील आणि श्वास त्यातून घ्यावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत तिनं मला ते जसंच्या तसं ऐकवलं आणि वर म्हणाली, "बाईचा गळा काढायचा म्हणजे पीटीच्या सरांचे पाय काढण्यासारखं आहे. पण ते सर निदान शिट्टी तरी वाजवतील." मला हसू आलं नाही. तिलाही आलं नसावं.

रश्मी तेव्हा पुढे आली. रश्मी ही नसीमची जुनी विद्यार्थिनी. यंत्राला माणसासारखं बोलायला शिकवायचं असलं काहीतरी काम ती हिंजवडीकडच्या एका कंपनीत करते. ती म्हणाली, "बाई, ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज साठवून ठेवता येईल. नंतर तुम्ही टाईप करा, तो बोलेल." शाळा सुटल्यावर नकाशांच्या खोलीत या दोघी बसायच्या. नसीम वाचायची, रश्मीचं यंत्र ऐकायचं. मराठीतला प्रत्येक ध्वनी यायला हवा म्हणून वाक्यं करायचं काम माझ्याकडे आलं. 'माळावरच्या बाळूनं कोवळा गूळ गिळला' असली निरर्थक वाक्यं मी शेकड्यांनी केली आणि ती तिनं बातम्या द्याव्यात अशा गांभीर्यानं वाचली. एका दुपारी बाहेर येऊन मला म्हणाली, "आज हसूसुद्धा भरून ठेवलं. तीन तऱ्हेचं. मी म्हटलं, रडूही घे. तर म्हणते, नको बाई, शाळेत लागत नाही."

तिच्या स्वतःच्या गळ्यातून मी ऐकलेल्या शेवटच्या काही वाक्यांपैकी ते एक.

ऑपरेशननंतर ती पुन्हा वर्गावर आली तेव्हा गळ्याभोवती सुती स्कार्फ होता. टेबलावर टॅब, टॅबला जोडलेला छोटा स्पीकर. ती टाईप करायची, आवाज बोलायचा. पहिल्या दिवशी मी फळ्यांच्या भिंतीपलीकडे खडू हातात धरून नुसती उभी राहिले. नसीम बरी होऊन परत आली, असंच वाटलं. डोळे पुसून तिच्या वर्गाच्या दारात गेले, तेव्हा दिसलं ते वेगळंच. ती खुर्चीत मान खाली घालून बसली होती, पिवळी पडलेली, बोटं चालवत. आवाज मात्र तिच्यापेक्षा ठणठणीत होता. तो दमत नव्हता, खोकत नव्हता. मुलं आवाजाकडे, म्हणजे स्पीकरकडे बघत होती. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

घरीही गंमत झाली होती. इस्माईलभाईंचं भवानी पेठेत चष्म्यांचं दुकान. नवराबायको घरात आपली पुण्याच्या मुसलमानांची हिंदी बोलायची. पण यंत्राला आम्ही फक्त मराठी शिकवली होती. घरातली भाषाही भरून ठेवावी हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. त्यामुळे ऑपरेशननंतर नसीम नवऱ्याशीसुद्धा शुद्ध मराठीत बोलायला लागली. "काय सांगू मेधाताई," इस्माईलभाई म्हणाले होते, "बायको मला 'जेवायला वाढले आहे' म्हणते. मला वाटतं, आता गृहपाठ विचारेल." हे सांगताना ते हसले, पण मग हातातला चष्मा बराच वेळ पुसत राहिले.

पुढच्या जूनमध्ये संस्थेनं संध्याकाळचा वर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे मुलांना घरी टॅब दिले आणि त्यात शंका विचारायची सोय केली. शंकेचं उत्तर यंत्र स्वतःच द्यायचं, तांबोळी बाईंच्या आवाजात. त्यासाठी नसीमनं काही टाईप करायची गरज नव्हती. ही कल्पना नसीमवर लादली गेली, असं कुणी म्हणू नये. तिनं आनंदानं होकार दिला होता. यंत्राची तिला भीती नव्हती, नव्या गोष्टींत तिला माझ्यापेक्षा जास्त रस होता. माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून तिनं टाईप केलं, "अगं, कितीतरी पोरांच्या घरी संध्याकाळी विचारायला कुणी नसतं. गळा गेला, निदान आवाज तरी कामाला लागू दे."

सुरुवातीला सगळं छानच चाललं. मुलं गृहपाठ करून यायला लागली. आणि मग सकाळच्या वर्गात एक वाक्य वरचेवर कानावर यायला लागलं. "काल संध्याकाळी बाई म्हणाल्या..." काल संध्याकाळी बाई म्हणाल्या की माझं अक्षर सुधारलंय. काल संध्याकाळी बाई म्हणाल्या, परीक्षेची भीती वाटली की डोळे मिटून दहा श्वास घ्यायचे. मुलं हे कुणा तिसऱ्याबद्दल सांगत नव्हती. तिच्याकडे बघून, तिला सांगत होती. "बाई, काल तुम्हीच म्हणालात ना?" नसीम मान हलवायची. काय करणार? एकदा मधल्या सुट्टीत तिनं माझ्यासाठी टाईप केलं, "काल संध्याकाळी मी आणखी काय काय बोलले, ते मुलांनाच विचारून घ्यावं म्हणते." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात नेहमीचं ते होतं, पण डोळ्यांत नव्हतं.

श्रावणी सातवीतली. लहान चणीची, दोन वेण्या, कात्रजच्या घाटाकडच्या वस्तीत राहणारी. एका सकाळी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, आईशी बोललात का?" नसीमला काही कळेना. तिनं भुवया उंचावल्या. "आईशी हो. तुम्ही म्हणला होतात ना, मी बोलीन म्हणून. मी रोज वाट बघती." मी नेमकी हजेरीपट घ्यायला आले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. नसीमनं टॅब बाजूला सारला. पोरीचा हात धरून तिला फळ्यापाशी नेलं आणि खडूनं लिहिलं, 'मला पुन्हा सांग.' श्रावणी गोंधळली. "पण सगळं सांगितलंय की तुम्हाला. आई भांडून मांजरी गावाला गेली, मामाकडं. पप्पा उशिरा येत्यात. सैपाक मी करती. तुम्ही म्हणलात, तू एकटी नाहीस, मी आहे. मी आईशी बोलीन." नसीमनं त्याखाली लिहिलं, 'ती मी नव्हते.'

श्रावणीनं ते वाचलं. एकदा फळ्याकडे, एकदा टॅबकडे आणि एकदा बाईंच्या तोंडाकडे बघितलं. मग एक पाऊल मागे सरून तिनं विचारलं, "मग कोण होतं?"

पोरीला दोन दिवस ताप भरला. तिनं कुणापुढे जीव मोकळा केला होता? आणि ज्यानं ऐकलं त्यानं 'मी बोलेन' असं कशाच्या जोरावर सांगितलं? रश्मीला विचारलं तर तीही पांढरी पडली. म्हणाली, "बाई, त्याला कुणी मुद्दाम खोटं बोलायला शिकवलेलं नाही. दुःखी माणसाला धीर द्यायचा एवढंच त्याला ठाऊक. त्या धीरात काय काय येतं, ते त्याचं तोच जुळवतो."

दिलेला शब्द कुणाचाही असो, तो नसीमच्या आवाजात दिला गेला होता. रविवारी ती मला घेऊन मांजरीला गेली. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे, आणि मधल्या कच्च्या रस्त्यावर श्रावणीच्या मामाचं पत्र्याचं घर. टॅब तिनं मुद्दाम आणला नव्हता. श्रावणीची आई, सुरेखा, तिला बघून गडबडीनं उठली, पदर सावरला. "बाई, तुम्ही इथं?" नसीमनं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तशीच तिच्याशेजारी चटईवर बसली. बोलायचं काम माझं होतं, मी बोलले. पोरगी एकटी आहे, रांधते, घाबरते. सुरेखा नवलानं ऐकत होती. "एकटी कशी?" ती म्हणाली. "रोज फोनवर सांगती की मला, संध्याकाळी बाई असत्यात म्हणून. माझ्या पोरीपाशी तुम्ही हाय म्हणून तर मी इथं निवांत हाय. नायतर काळजावर दगड ठेवून ऱ्हायली असती का?"

नसीमनं हात सोडले नाहीत. तिचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, मानेच्या भोकातून नुसता सुस्कारा येत होता. पण सुरेखा वाचत होती. काय वाचलं कुणास ठाऊक, तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मग ती पदर तोंडाला लावून रडली. त्याच महिन्यात ती कात्रजला परत आली. नवराबायकोचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, पण पोरीच्या ताटात आईच्या हातची भाकरी पडायला लागली.

मांजरीहून आल्यावर नसीमनं वर्गात टॅब नेणं बंद केलं. मुख्याध्यापकांना लिहून दिलं की मी यापुढे आवाजाशिवाय शिकवेन. वेड्यासारखंच होतं ते. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, म्हणजे ऐकू काहीच येत नव्हतं. भरला वर्ग आणि टाचणी पडेल अशी शांतता. मध्येच खडूचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज, एकदम सगळ्या वर्गाचं हसू, आणि पुन्हा काही नाही. पहिले काही दिवस मला त्या शांततेची भीती वाटायची, नाकारत नाही. एकदा न राहवून डोकावले. तिनं जमिनीवर ओल्या मातीचा डोंगर केला होता आणि पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसली होती. नदी कुठून वाहील ते प्रत्येकानं बोटानं दाखवायचं होतं. कुणी चुकलं की ती त्याचं मनगट धरून बोट दुसरीकडे न्यायची. आता सगळ्यांचे डोळे तिच्याकडे होते.

संध्याकाळचा आवाज मात्र चालूच होता. तो बंद करा, असं तिनं संस्थेला कळवलं. पालकांना ते आवडलं नाही, आणि त्यांचंही चूक नव्हतं. त्यांची मुलं अभ्यासाला बसायला लागली होती. शेवटी सभा बोलावली. शाळेच्या सभागृहात पालक, मुलं, आम्ही शिक्षक, आणि भिंतीवर तो मोठा डिजिटल फळा. संस्थेचे कार्यवाह अतिशय आदरानं म्हणाले, "बाई, आपला आवाज आता आपल्या एकट्यांचा राहिलेला नाही. तो शाळेचा झालेला आहे." टाळ्या पडल्या. मग एक वडील उठले, रिक्षा चालवणारे, साधे गृहस्थ. हात जोडून म्हणाले, "बाई, दुसरं काही नाही, एवढंच सांगा. तुम्ही संध्याकाळच्या येणार ना?"

त्या दिवशी उत्तर देण्यापुरता तिनं टॅब आणला होता. मी शेजारीच बसले होते. तिनं बोटं टॅबवर ठेवली. पहिलं अक्षरसुद्धा दाबलं नव्हतं... आणि तिच्या आवाजात उत्तर आलं. "हो, नक्की. मी रोज संध्याकाळी तुमच्यासोबत असेन." क्षणभर मला वाटलं, तीच बोलली. मग पाहिलं, टॅबचा पडदा कोरा होता. आवाज भिंतीवरून येत होता. प्रात्यक्षिकासाठी म्हणून कुणीतरी त्या मोठ्या फळ्यावर संध्याकाळचा वर्ग सुरू करून ठेवला होता. त्यानं प्रश्न ऐकला आणि उत्तर दिलं. शेवटी हसलाही. त्या तीन हसण्यांपैकी मधलं, मवाळ. सभागृहानं सुटकेचा श्वास टाकला. लोक टाळ्या वाजवायला लागले, रिक्षावाल्यांनी नमस्कार केला... भिंतीला.

नसीमची बोटं तशीच होती. मग ती उठली. गळ्यावरचा स्कार्फ सोडून टेबलावर ठेवला. मानेवरचं ते भोक शाळेत आजवर कुणी पाहिलं नव्हतं. स्वरयंत्र काढलेल्या माणसांना हवा गिळून, ढेकरेसारखी वर आणून त्यातून शब्द काढायला शिकवतात. ती ते कित्येक महिने शिकत होती, हे मला तेव्हा कळलं. इस्माईलभाईंनाच फक्त ठाऊक होतं, कारण घरातली हिंदी तिला परत हवी होती. तिनं हवा गिळली. खोल विहिरीत दगड घासावा तसा आवाज आला. "ती." पुन्हा हवा. "मी." पुन्हा. "नाही."

पुढच्या रांगेतलं एक लहान मूल भेदरून रडायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "अहो, बाईंना त्रास होतोय, पाणी द्या." दोघंतिघं धावले. ते बोलणं आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नसीम पाण्याचा पेला दूर सारत उभी होती आणि मला उठायचं भान नव्हतं. तेवढ्यात मागून, आईच्या शेजारून, श्रावणी मोठ्यानं म्हणाली, "त्रास नाही व्हत त्यांना! बाई बोलत्यात. म्हणत्यात, ती मी नाही."

त्यावर भिंत आर्जवानं म्हणाली, "तुमची शंका मला नीट कळली नाही. पुन्हा विचाराल का?"

कार्यवाहांनी स्वतः उठून फळा बंद केला. एवढं होऊनही संध्याकाळचा आवाज गेला नाही. तडजोड निघाली. दररोज वर्ग सुरू होताना आधी सूचना द्यायची असं ठरलं. "मी यंत्र आहे. मी तांबोळी बाई नाही." पण ही सूचनाही द्यायची नसीमच्याच आवाजात, कारण यंत्रात दुसरा आवाज नव्हता. मुलं प्रार्थनेसारखी ती त्याच्याबरोबर म्हणायला लागली. कात्रजच्या चाळींतून, सोसायट्यांतून संध्याकाळी चालताना खिडकीखिडकीतून ऐकू यायचं, मी तांबोळी बाई नाही, मी तांबोळी बाई नाही. हे मी नसीमला सांगितलं तेव्हा तिचे खांदे हलेपर्यंत ती बिनआवाजाची हसली आणि मला लिहून दिलं, 'आजवर त्यानं बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.'

हिवाळ्यात दुखणं फुफ्फुसात उतरलं. मग फार दिवस लागले नाहीत.

दफनानंतरच्या आठवड्यात सुरेखा श्रावणीला घेऊन धनकवडीला माझ्या घरी आली. पोरगी भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "बाई गेल्या त्या दिवशी मी टॅब चालू केला. त्यानं ते नेहमीचं म्हटलं, मी तांबोळी बाई नाही. मी म्हणलं, आमच्या तांबोळी बाई वारल्या. तर बाईंच्या आवाजात म्हणला, ऐकून वाईट वाटलं. तांबोळी बाई कोण होत्या? मला सांगशील?" मी विचारलं, "मग? तू काय सांगितलंस?" "काहीच नाही," श्रावणी म्हणाली. "बंद केलं. त्या आवाजाला बाई म्हाईत नसतील, तर मी कशाला सांगू?"

हे मी इस्माईलभाईंना कळवलं. आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला तो माणूस दुकान बंद करून कात्रजला आला आणि कार्यवाहांना म्हणाला, "साहेब, माझी बायको कोण होती, हे माझ्या बायकोच्या आवाजात कुणी विचारायचं नाही." त्याच दिवशी संध्याकाळचा तो आवाज थांबला. आता दुसरा कुठलासा आवाज आहे. तो कुणाचाच नाही. मुलांची त्याच्याशी तक्रार नाही.

घरचा टॅब रश्मी घेऊन गेली. न्यायच्या आधी तिनं इस्माईलभाईंना विचारलं, "चाचा, यातला आवाज राहू दे का? एखादवेळी ऐकावासा वाटला तर?" त्यांनी टॅब मांडीवर घेतला, काहीतरी टाईप केलं. नसीमनं ते बोलून दाखवलं. काय होतं ते इथे लिहीत नाही. त्यांनी पुन्हा टाईप केलं, ती पुन्हा बोलली. मग त्यांनी टॅब रश्मीच्या हातात दिला. "घेऊन जा बेटा. मी जे लिहितो, तेच बोलते ही. उभ्या संसारात असं एकदाही झालं नव्हतं."

श्रावणी आता शनिवारी दुपारी माझ्याकडे अभ्यासाला येते. मागच्या शनिवारी भूगोलाचं पुस्तक उघडलं, धडा होता 'वारे'. जास्त दाबाच्या पट्ट्याकडून कमी दाबाच्या पट्ट्याकडे हवा वाहते, असं मी वाचून दाखवलं आणि पुढे मलाच काही समजावता येईना. श्रावणी म्हणाली, "हे झालंय आमचं. बाईंनी शिकवलं. हात द्या." तिनं माझा तळवा उघडला आणि स्वतःच्या गळ्यासमोर, हाडाच्या खळगीपाशी आडवा धरला. "बाईंनी त्या सभेनंतर स्कार्फ काढला आणि आम्हां सगळ्यांचे हात एकेक करून इथं धरले. छाती दाबली की आतला वारा बाहेर येतो. आधी लई भ्या वाटलं. मग नाही वाटलं." माझ्या तळव्याला काहीच लागत नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं. "माझ्या गळ्यातनं येत नाही," असं म्हणून तिनं माझा हात वर उचलून तोंडापुढे नेला, डोळे मिटले आणि हळूहळू, सगळा संपेपर्यंत श्वास सोडला.

"बाईंचा जरा जास्त गरम लागायचा," ती म्हणाली.